‘तो’ आणि ‘ते’ : मोठ्या खेळाडूच्या बालमित्राची आठवण कशी टिपायची

मोठ्या खेळाडूच्या बालमित्रासमोर बसलात की पहिली पाच मिनिटं एकाच गोष्टीकडे कान ठेवा. हा माणूस आपल्या मित्राला ‘तो’ म्हणतोय की ‘ते’? ‘ते लहानपणापासूनच फार जिद्दी होते’ हे वाक्य सत्कार समारंभातून आलेलं असतं. ‘आऊट दिला की तो बॅट उचलून सरळ घरी निघून जायचा’ हे गल्लीतून आलेलं असतं. इंग्रजीत मुलाखत घेणाऱ्याला ही खूण मिळत नाही, तिथे दोन्हीकडे एकच ‘ही’ (he). मराठीत ती फुकट मिळते, आणि तरीही दिवाळी अंकांतले नि स्मरणिकांतले कितीतरी लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘ते’मध्येच अडकलेले दिसतात.

इंदुरात या कामाला विषयांचा तोटा नाही. होळकर संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा रणजी करंडक जिंकला. तेव्हा मैदानाच्या कडेला उभं राहून सामने बघणारी पोरं आज नव्वदीला टेकली आहेत. मालवा मिल, हुकुमचंद मिल या कापडगिरण्यांच्या आसपास वाढलेली त्यांच्या पुढची पिढीही सत्तरी ओलांडून गेली. खेळाडूंवर लिहिलेलं पुष्कळ सापडतं. त्यांच्याबरोबर खेळून पुढे मिलमध्ये, शाळेत किंवा बँकेत आयुष्य काढलेला माणूस काय सांगतो, ते मात्र क्वचितच कुणी उतरवून घेतलेलं असतं. दोन बैठका, एक वही आणि साधारण पंधरा दिवस एवढ्यात हे काम होतं.

सराव परक्या गावावर करा

पहिल्याच दिवशी ओळखीच्या काकांकडे जाऊ नका. ओळखीच्या गावात आपण ऐकलेलं सगळं खरं धरून चालतो. सरावाला दुसऱ्या महायुद्धानंतरचं कामगारवस्तीतलं इंग्लंड उत्तम. तिथल्या रोजच्या जगण्याच्या तारखा सरकारी हुकमांनी बांधलेल्या आहेत आणि घरबसल्या सापडतात.

फुटबॉलपटू बॉबी चार्लटन घ्या. जन्म ११ ऑक्टोबर १९३७, ईशान्य इंग्लंडमधलं अ‍ॅशिंग्टन हे कोळशाच्या खाणींचं गाव. वडील खाणकामगार. आई सिसी मिलबर्न घराण्यातली. तिचे चार भाऊ व्यावसायिक फुटबॉलपटू, न्यूकॅसलचा गाजलेला जॅकी मिलबर्न नात्यातला, आणि ती स्वतः पोरांबरोबर चेंडू खेळायची. थोरला भाऊ जॅक मे १९३५ चा. ३० जुलै १९६६ ला विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघात दोघेही भाऊ होते.

आता बॉबीच्या गल्लीतल्या एका काल्पनिक मित्राच्या तोंडी वाक्य घाला: ‘१९४८ मध्ये आम्ही शाळेतून येताना रोज पिशवीभर टॉफी घ्यायचो.’ तपासा. इंग्लंडमध्ये गोळ्या-चॉकलेटवर जुलै १९४२ पासून रेशन होतं. एप्रिल १९४९ मध्ये ते उठवलं, दुकानांत माल पुरेना म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा लावलं, आणि ५ फेब्रुवारी १९५३ ला कायमचं काढलं. म्हणजे बॉबी चार वर्षांचा होता तेव्हापासून पंधराचा होईपर्यंत, मधले तीन-चार महिने सोडले तर, गोळी कुपनावरच. १९४८ ची रोजची पिशवी बसत नाही.

पण आठवण फेकून द्यायची नाही. साल चुकलेलं असेल आणि पिशवी खरी असेल. १९४९ च्या उन्हाळ्यातली असण्याची शक्यता मोठी. मग विचारायचं: ‘कुपनं कोणाकडे असायची? आईकडे की तुमच्याकडे? कोणी कोणाला उसनी द्यायचं का?’ चुकलेल्या सालातून असा चांगला प्रश्न निघाला पाहिजे. माणसाला खोटं पाडायला आपण बसलेलो नाही.

अशा आणखी काही खुंट्या, म्हणजे आठवण टांगून पाहायच्या पक्क्या तारखा, वहीत लिहून त्यावर हात बसवा. ब्रेडवर युद्ध चालू असताना रेशन नव्हतं. ते युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ ते जुलै १९४८ असं होतं. (ऐकणारे इथे नेहमी चुकतात आणि सांगणाऱ्यालाच दुरुस्त करायला जातात.) मांसावरचं रेशन जुलै १९५४ ला गेलं आणि त्याबरोबर रेशनचा सगळा कारभार संपला. १९४७ चा हिवाळा इतका कडक होता की फुटबॉलचा हंगाम जूनपर्यंत रखडला. त्याच वर्षी १ जानेवारीला कोळसाखाणी सरकारच्या झाल्या, आणि शाळा सोडण्याचं किमान वय १४ वरून १५ वर गेलं. शिलिंगाचे बारा पेन्स हा हिशेब १५ फेब्रुवारी १९७१ ला बंद झाला. एवढ्या सात-आठ तारखांवर अ‍ॅशिंग्टनच्या कोणत्याही म्हाताऱ्याची गोष्ट दोन-तीन वर्षांच्या आत बसवता येते.

दुसरा सराव जरा अवघड आहे. मँचेस्टर युनायटेडचा फुटबॉलपटू डंकन एडवर्ड्स, जन्म १ ऑक्टोबर १९३६, गाव डडली. म्युनिकच्या ६ फेब्रुवारी १९५८ च्या विमान अपघातात जखमी होऊन २१ फेब्रुवारीला गेला, वय २१. १९६१ मध्ये डडलीच्या सेंट फ्रान्सिस चर्चच्या खिडकीत त्याची रंगीत काचेतली प्रतिमा बसवली, फुटबॉलच्या पोशाखात. जो मित्र असा चर्चच्या काचेत गेला, त्याच्याविषयी सोबती पुढे काय बोलणार? वाईट तर नाहीच. अकाली गेलेल्या खेळाडूचा मित्र समोर असेल तर त्याला काय यायचं नाही, तिथून सुरू करा: पोहता येत नव्हतं का, गणितात नापास व्हायचा का, कुत्र्याला भ्यायचा का. काचेच्या मागचं पोरगं असल्याच प्रश्नांना बाहेर येतं.

इंदूरच्या खुंट्या

आता आपल्या गावाची तशीच यादी करा. एक पान पुरतं, पण पाठ हवी. काकांसमोर कागद चाळत बसलात तर त्यांना परीक्षा वाटते.

नाणी: १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. त्याआधी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे. ‘१९५३ मध्ये दहा नव्या पैशांची वर्गणी काढून चेंडू घेतला’ असं कुणी म्हटलं तर चेंडू तरी नंतरचा, नाहीतर पैसे तरी आण्यांतले. वजनं: शेर जाऊन १९६२ पर्यंत किलो सक्तीचा झाला. राज्य: मे १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात गेलं, १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला. ‘महाराजांच्या राज्यात’ आणि ‘मध्य भारतात असताना’ हे शब्द म्हातारी माणसं फार नेमके वापरतात. ते ऐकून सालाचा अंदाज बांधा. ‘नईदुनिया’ हा हिंदी पेपर ५ जून १९४७ पासून निघायला लागला. आकाशवाणीचं इंदूर केंद्र १९५५ चं. नर्मदेचं पाणी शहरात १९७८ मध्ये आलं, आणि ‘नळाला नर्मदा नव्हती तेव्हा’ ही इंदूरकर माणसाची फार पक्की खुंटी आहे, साल विसरेल पण हे विसरणार नाही. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली.

मैदानं आणि संघ यांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. होळकर नावाचा संघ १९५४-५५ च्या हंगामापर्यंतच होता. त्यामुळे ‘१९५८ मध्ये त्याला होळकर संघात घेतलं’ हे बसत नाही. आजचं होळकर स्टेडियम हे नाव २०१० चं, त्याआधी ते उषाराजे मैदान, आणि तिथला पहिला एकदिवसीय सामना २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धचा. १९८३ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ आला तो नेहरू स्टेडियमवर. काका ‘स्टेडियम’ एवढंच म्हणाले तर लगेच विचारून घ्या, कोणतं. पुढे टेपवरून ते कळत नाही.

एक खास इंदुरी सापळा: डेनिस कॉम्प्टन. लंडनच्या हेंडनमधल्या साध्या घरातला हा खेळाडू युद्धकाळात फौजेबरोबर इंदूरजवळच्या महू छावणीत होता आणि मार्च १९४५ च्या रणजी अंतिम सामन्यात सी. के. नायडूंच्या होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध खेळला. नाबाद २४९ केल्या, त्याच सामन्यात मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतकं केली, तरी होळकर हरले. ही खेळी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरची. ‘मी आणि तो कॉम्प्टनच्या अडीचशे धावा बघायला गेलो होतो’ असं इंदूरच्या बालमित्राने सांगितलं तर हसू नका. विचारा, ‘गाडी कोणती पकडली? उतरलात कोणाकडे?’ मुंबईला खरंच गेला असेल तर गाडी, उतरण्याचं घर, डब्यात काय होतं, सगळं भडाभडा येईल. गेला नसेल तर दोन मिनिटांत ‘माझे मोठे बंधू गेले होते, त्यांनी सांगितलं’ असं निघतं. हीसुद्धा नोंद आहे: मोठ्या भावाने सांगितलेली खेळी दोन पोरांनी गल्लीत इतक्यांदा खेळून पाहिली की ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी झाली. १९४५-४६ चा इंदूरचा सामना वेगळा. होळकरांनी म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ केल्या, एका डावात सहा शतकं. तो पाहिला म्हणणारा खरोखर पाहिलेला असू शकतो. सहांपैकी कोणाचं शतक लक्षात राहिलं ते विचारा. सहाच्या सहा नावं धडाधड आली तर ती वर्तमानपत्रातली समजा.

सामान

फोन पुरतो. ध्वनिमुद्रण एमपी-थ्रीऐवजी वेव्ह स्वरूपात करा, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो असं ठेवलं तर तासाला सुमारे ३२० एमबी लागतात. तीन जीबी जागा रिकामी करूनच घरातून निघा. फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर नेमक्या वाक्यावर कुरिअरवाल्याचा फोन येतो आणि काही फोनांत मुद्रण तिथेच थांबतं. फोन टेबलावर ठेवायचा तर खाली टॉवेलची चौपदरी घडी घाला, म्हणजे कपबशीचा दणका त्यात जात नाही. तोंडापासून अंतर दीड फूट.

कॉलरचा माइक लावत असाल तर सुरुवातीला माइकवर नखाने खरवडा आणि दहा सेकंदांचं मुद्रण ऐका. पिन नीट बसली नसेल किंवा अ‍ॅडॉप्टर चुकीचा असेल तर फोन गुपचूप स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करतो. पडद्यावर रेषा हलत असतात, आणि घरी आल्यावर कळतं की काका लांबून बोलतायत नि पंखा जवळून. पंखा ही इंदूरच्या मुद्रणाची मुख्य व्याधी. मे महिन्यात तो बंद करा म्हणणं बरं नव्हे, म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका.

वेळ सकाळी दहाची. पोहे-जिलबी आटोपलेली असते आणि वामकुक्षीला अवकाश असतो. एक बैठक ६० ते ७५ मिनिटांची. त्यापुढे माणूस दमतो आणि ठरलेले किस्से सांगायला लागतो. कोणत्या कानाने नीट ऐकू येतं ते आधी विचारून त्या बाजूला बसा. शिवाय मोठा ए-थ्री कागद, मऊ पेन्सिल, खोडरबर. हे शेवटचं सामान सगळ्यात महत्त्वाचं आहे, का ते पुढे येतंच.

पहिली बैठक : गल्लीचा नकाशा

खेळाडूचं नाव तुम्ही काढायचं नाही. पहिल्या बैठकीत तर नाहीच. काका काढतील, काढू द्या, मान हलवा आणि कागद पुढे सरकवा: ‘काका, तेव्हाची गल्ली काढून दाखवता?’

चित्र येत नाही म्हणतील. मग तुम्ही एक रेघ मारा आणि मुद्दाम चुकीच्या जागी विहीर काढा. ‘अरे, इथे नाही, इकडे’ म्हणत पेन्सिल त्यांच्या हातात जाते. एकदा गेली की ओटले, नाली, पिंपळ, मिलचा भोंगा ऐकू यायचा ती दिशा, कोणाच्या घराला काचा होत्या, सगळं कागदावर उतरतं. अ‍ॅशिंग्टनमध्ये हेच करायचं तर खाणकामगारांच्या घरांच्या रांगांमागचा बोळ काढायला लावायचा; तिथे पोरं खेळायची आणि वेळ खाणीच्या भोंग्यावरून कळायची. भोंगा दोन्हीकडे सारखाच आहे. ‘किती वाजेपर्यंत खेळायचे’ याला उत्तर येत नाही, ‘कोणत्या भोंग्यापर्यंत’ याला येतं.

नकाशा झाला की खेळाचे नियम. प्रश्न किती बारीक हवेत त्याचा हा नमुना:

‘स्टंप कुठे होते, काका?’

‘स्टंप कुठले? भिंतीवर कोळशाच्या तीन रेघा.’

‘कोणाची भिंत?’

‘वकीलसाहेबांची.’

‘ते रागवायचे नाहीत?’

‘ते कोर्टात. काकू रागवायच्या. म्हणून तर खेळ संपला की तो ओल्या फडक्याने रेघा पुसून ठेवायचा.’

‘तो म्हणजे?’

‘अरे तोच रे. सगळ्यांत लहान होता ना, पुसायचं काम त्याच्याकडे.’

इथे आला ‘तो’. नावही घ्यावं लागलं नाही. आता घाई करून ‘म्हणजे तो लहानपणापासून शिस्तीचा होता तर!’ असं म्हणालात की संपलं, काका लगेच ‘हो हो, फार शिस्तीचे होते’ म्हणतील आणि गाडी परत सत्कार समारंभात. त्याऐवजी फडकं कुठून आणायचा ते विचारा.

नियमांत हे सगळं घ्या: एक टप्पा एक हात आऊट होता का, नालीत चेंडू गेला तर किती धावा, आणि तो काढायचा कोणी, धुवायचा कुठे, कोणाच्या अंगणात गेला तर सरळ आऊट, बॅट कोणाची आणि बॅटवाला रुसला तर काय करायचं. चेंडू कसला: चिंध्यांचा, सायकलच्या ट्यूबच्या चकत्या गुंडाळलेला, कॉर्कचा की टेनिसचा. इंग्लंडमध्येही हीच यादी चालते, फक्त भिंतीवर खडूच्या रेघा किंवा विजेचा खांब हे स्टंप, आणि फुटबॉलला कोट काढून ठेवले की गोल झाला. चेंडूला किती जणांनी वर्गणी काढली आणि उरलेली चिल्लर कोणाकडे राहिली, हे विचाराच. पैशाचा हिशेब वर्षानुवर्षं बिनचूक राहतो, विशेषतः दुसऱ्याकडे राहिलेल्याचा.

घरातली माणसं मध्ये येणारच. ‘बाबा, ते सांगा ना, तो ट्रॉफीवाला किस्सा’ असं मुलगा म्हणाला की तो किस्सा ऐकून घ्या, पण वहीत त्यापुढे फुली मारा: घासून गुळगुळीत झालेला. काकू आतून काही बोलल्या तर मात्र त्यांना बाहेर बोलवा. खेळाडूच्या घरी काय शिजायचं, त्याची आई कशी होती, बहिणींना शाळेत कधी घातलं, हे काकू त्याच मोहल्ल्यातल्या असतील तर त्यांनाच जास्त माहीत असतं.

दुसरी बैठक : त्याच्यापेक्षा चांगला कोण होता?

आठ-दहा दिवसांनी जा. मधल्या काळात काकांना रात्री झोप लागत नाही तेव्हा बरंच आठवलेलं असतं, म्हणून पहिली पंधरा मिनिटं त्यांची.

मग हा प्रश्न: ‘तुमच्या गल्लीत त्याच्यापेक्षा चांगला कोण खेळायचा?’ उत्तर बहुतेक वेळा असतंच, आणि चटकन येतं. त्या दुसऱ्या मुलाचं पुढे काय झालं ते सविस्तर विचारा. या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात मोलाचं उत्तर हेच, कारण एक जण पुढे गेला आणि बाकीचे का राहिले ते खेळाडूच्या स्वतःच्या चरित्रातून कळत नाही. त्याला ते माहीतच नसतं; तो निघून गेलेला असतो.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाची उत्तरं साधारण ठरलेल्या जागांवरून येतात. अकराव्या वर्षीची परीक्षा: पास झाला तर ग्रामर स्कूल, नाहीतर पंधराव्या वर्षी खाण किंवा कारखाना. अठराव्या वर्षी सक्तीची लष्करी नोकरी, १९५० पासून दोन वर्षांची. घरचं मत: बॉबी चार्लटन १९५३ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडे गेला तरी फुटबॉलचा भरवसा काय म्हणून आईच्या आग्रहाने आधी इलेक्ट्रिकल कामाची उमेदवारी करायला लागला होता. खेळाडूला मिळून मिळणार किती, तर १९६१ पर्यंत पगाराला कायद्याने नव्हे पण लीगच्या नियमाने मर्यादा होती, शेवटी शेवटी आठवड्याला २० पौंड. खाण सोडून यात पडावं का, हा घराघरातला खरा हिशेब होता.

इंदुरात जागा वेगळ्या: मॅट्रिक, वडिलांच्या जागी मिलमध्ये लागणं, बहिणीचं लग्न, पांढरी पँट नि बूट यांचा खर्च, निवड चाचणीला बाहेरगावी जायचं भाडं. ‘परिस्थिती नव्हती’ या दोन शब्दांवर थांबू नका. परिस्थिती म्हणजे त्या दिवशी नेमकं काय कमी पडलं? बूट की सुट्टी?

फोटो आता काढायला सांगा, आधी नको. फोटो समोर आला की माणूस फोटोतलंच आठवतो. काळ्या पानांच्या अल्बममधून चिकटवलेला फोटो उपटू नका, कोपरा फाटतो. अल्बम खिडकीपाशी आडवा ठेवा, फ्लॅश बंद, फोन अगदी समांतर धरून पूर्ण पान आणि मग एकेक फोटो. सुटा असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन, मागची बाजूही. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो. नावं मागच्या रांगेपासून, डावीकडून उजवीकडे, टेप चालू ठेवूनच विचारा. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहायचं नाही, दाबाची रेघ पुढे उमटते.

शेवटचा प्रश्न जपून. ‘मैत्री टिकली का?’ असं विचारलं की ‘टिकली, अजून ओळख देतात’ हे उत्तर ठरलेलं; परत ‘ते’. त्याऐवजी: ‘शेवटचं कधी भेटलात? कोण कोणाकडे गेलं होतं?’ उत्तरात लग्नपत्रिका असते, न मिळालेलं तिकीट असतं, स्टेशनवरची पाच मिनिटं असतात. इथे गप्प बसता आलं पाहिजे. दहा सेकंद शांतता गेली तरी नवा प्रश्न टाकू नका, पाणी मागू नका.

उतरवून घेणं

एका तासाचं मुद्रण लिहायला सहा ते आठ तास लागतात. संगणक आपोआप लिहून देतो, पण इंदुरी मराठीवर अडखळतो. मधलं हिंदी वाक्य गाळतो किंवा त्याचं भलतंच मराठी करतो. कच्चा मसुदा म्हणून वापरा आणि टेप लावून ओळ न् ओळ तपासा.

आणि कृपा करून पुणेरी करू नका. ‘तो पळत येऊन राहिला होता’ हे ‘तो पळत येत होता’ असं सुधारलं की इंदूर गेलं. ओटल्याचा ओटा करू नका, ‘भिया’ (भाऊ) काढू नका, ‘अपन खेळू’ तसंच ठेवा. अ‍ॅशिंग्टनच्या खाणवाल्यांची बोली पिटमॅटिक म्हणून ओळखली जाते. तिथल्या म्हाताऱ्यांची भाषा लंडनच्या इंग्रजीत धुऊन काढली तर हातात काय उरेल, तेच इथे. वाचकाला न कळणारा शब्द असेल तर खाली अर्थ द्या.

तपासणीचे निष्कर्ष सांगणाऱ्याच्या वाक्यात मिसळायचे नाहीत. साल चुकलं असेल तर वाक्य जसंच्या तसं, आणि चौकटी कंसात संपादकाची नोंद. धावफलक क्रिकेटआर्काइव्ह किंवा क्रिकइन्फोवर मिळतात. शालेय सामन्यांचे नाही मिळत, तिथे शाळेचं दाखिल-खारिज रजिस्टर (शाळेत कोण कधी आलं-गेलं त्याची नोंद) निदान इयत्ता आणि वय पक्कं करतं. शाळा ते सहज दाखवत नाहीत. काकांचं स्वतःच्या सहीचं पत्र न्या आणि फक्त त्यांचीच नोंद मागा.

परवानगी लेखी घ्या, दोन प्रती, बैठकीनंतर, टेप ऐकवून. कोणता भाग छापायचा नाही तो मिनिट-सेकंदासह लिहून ठेवा. खेळाडू हयात असेल आणि गोष्ट आजारपणाची, घरच्या भांडणाची किंवा पैशाची असेल, तर काकांनी हो म्हटलं तरी तो भाग बाजूला राहू द्या. मूळ फाइलच्या तीन प्रती, पैकी एक दुसऱ्याच्या घरी. नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख, म्हणजे यादी आपोआप लागते.

लेख तयार झाला की १६ पॉइंटच्या अक्षरात, एकाच बाजूला छापून काकांना वाचायला द्या, सोबत पेन्सिल. फोनवर पाठवू नका. मुलगा वाचून ‘छान आहे’ कळवतो आणि काकांपर्यंत ते पोचतच नाही. आठवडाभराने प्रत स्वतः जाऊन घेऊन या आणि समासातल्या खुणांसकट स्कॅन करा. तिथे बऱ्याचदा नकाशात राहून गेलेलं एखादं घर बाण मारून दाखवलेलं असतं आणि त्या घरातल्या मुलाचं नाव असतं. तो कुठे राहतो ते तिथल्या तिथे विचारून घ्या.